पस्तीस वर्षं घोड्यावर

मैना घोडी गेल्यापासून पाटलांच्या मळ्यात जो विषय कुणी काढत नव्हतं, तो शेवटी तारामतीनं काढला, आणि काढला तोही सगळे उप्पिटाच्या ताटल्या घेऊन सोप्यात बसलेले असताना.

"महावीर जयंती तोंडावर आली. ध्वजाच्या घोड्यावर या खेपंला कोण बसणार, ते बोला की एकदा. का घोड्यालाच एकट्याला सोडायचं गावातनं?"

तारामती ही बाळगोंडा अण्णांची धाकटी बहीण, चिकोडीला दिलेली. देऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण माहेरात काही शिजतंय असा वास आला की पहिल्या बसनं निपाणीत उतरायची तिची खोड काही गेली नव्हती. या वेळी तर वास घ्यायचीही गरज पडली नाही. सगळ्यात धाकट्या भावानं, जिनेंद्रनं, स्वतः फोन करून बोलावलं होतं. कशासाठी, ते अण्णा सोडून सगळ्या घराला माहीत होतं.

"कोण म्हंजे?" अण्णा म्हणाले. "पस्तीस वर्षं कोण बसतंय?"

"पस्तीस वर्षं खाली मैना व्हती, न्हाईतर मैनाची आई व्हती. आता दोघी बी न्हाईत."

"घोडी गेली म्हणून स्वार गेला काय गं? मी हाय की अजून जित्ता."

अण्णा एक्काहत्तर वर्षांचे. जयंतीला बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, निघणाऱ्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं पाटलांचा घोडा, घोड्यावर पाटलांच्या घरातला माणूस, त्याच्या हातात ध्वज, ही गावची रीत. घोड्याचा लगाम दुसऱ्या कुणी धरायचा नाही, हीसुद्धा रीतच. लगाम धरून चालवतात तो नवरदेव, असं अण्णांचे वडील म्हणायचे, आणि अण्णाही दर वर्षी फेटा बांधता बांधता तेच म्हणायचे. घरातला स्वार नसेल तर ध्वज पायी न्यायचा. तशी वेळ या घरावर एकदाही आली नव्हती आणि अण्णा असेपर्यंत येणारही नव्हती, निदान अण्णांच्या मते.

त्यासाठीच तर त्यांनी दोन महिन्यांपूर्वी रायबागच्या बाजूनं हिरा आणला होता. पांढराशुभ्र, उंच, मानेला असा बाक की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बघेल. शर्यतीच्या गाडीला पळालेला घोडा. विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं, अण्णांनी ते कौतुकानं ऐकलं होतं आणि घरी येऊन तितक्याच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं.

जिनेंद्रनं घसा खाकरला. निपाणीच्या बाजारात पंचवीस वर्षं तंबाखूचा सौदा केलेला माणूस. आपला माल पुढं करायच्या आधी समोरच्याच्या मालाची तारीफ करायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अण्णासारखी बैठक उभ्या तालुक्यात न्हाय. त्यात वादच न्हाय. पण ह्यो घोडा नवा हाय, अंगात लई रग हाय. आमचा श्रेयांस दोन वर्षं कोल्हापूरला जाऊन शिकलाय. फोनवर दाखीव रं तो पळवतानाचा."

श्रेयांसनं फोन काढलाच होता. जिनेंद्रचा एकोणतीस वर्षांचा पोरगा, घरात बसूनही गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेले.

"फोनवर कशाला?" अण्णांनी ताटली खाली ठेवली. "घोडा हाय, माळ हाय. बघू की कोण बसतंय."

"मग निवाडा कोण करणार?" जिनेंद्रनं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "आपली प्रियाच हाय की. बेळगावात लोकांच्या पोरांना घोडेस्वारी शिकीवती. कुणाला कुठला घोडा द्यायचा ते रोज हीच ठरीवती न्हवं? हिनं सांगावं, आन् हिनं सांगितलं की वाद संपला. कबूल, अण्णा?"

"कबूल," अण्णा लगेच म्हणाले. पोटची पोरगी. बापाच्या विरुद्ध काय जाणार?

जिनेंद्रचा हिशोब वेगळा होता. पोटची पोरगी, एक्काहत्तर वर्षांच्या बापाला असल्या घोड्यावर चढू देईल होय? म्हणजे उरला श्रेयांस. दोघेही भाऊ खुशीत उठले.

प्रियाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात ताटल्या ठेवायला गेली तेव्हा आईनं, त्रिशलानं, तिचा दंड धरला. "हे बघ, काय बी निमित्त काढ, पण ह्यांना बसू देऊ नको. गुडघा दुखतोय म्हण, घोड्याला बरं न्हाय म्हण. मी चार दिस झोपले न्हाय."

"आई, खोटं न्हाय सांगणार मी. बसता येत असंल तर बसतील. येत न्हसंल तर तसं सांगीन."

"म्हंजे बापाला चारचौघांत सांगणार तू?"

"चारचौघांनी मिळूनच मला बसीवलंय न्हवं?" प्रिया म्हणाली आणि दंड सोडवून बाहेर आली. सहा वर्षं ती हे काम करत होती. बेळगावात तिच्या एका शब्दावर डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी मुकाट घोडा बदलून घ्यायचे. घरात अजून "प्रिया घोड्यांचं कायतरी करती" असंच चालायचं. आज बापाला खूश करायला खोटं बोलली असती तर त्याच्या जिवावर बेतलं असतं, आणि आईला खूश करायला बोलली असती तर तिच्या कामाला या घरात परत कुणी काम म्हटलं नसतं. खरं बोलली तर बाप बोलायचा बंद होईल, हेही दिसत होतंच.

मळ्यामागच्या माळावर बाभळीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. गड्यानं, भरमूनं, हिऱ्याला आणून उभं केलं. प्रियानं मात्र घोड्याकडं न बघता आधी माणसांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"श्रेयांस, किती घोड्यांवर बसलास आजपर्यंत?"

"दोन. न्हाय, तीन. महाबळेश्वरला एक होता."

"शेवटचा पडलास कधी?"

"पडलो?" श्रेयांस हसला. "एकदाबी न्हाय पडलो मी!"

प्रियानं मान डोलवली. बेळगावात पहिल्या दिवशी असं सांगणारा माणूस आला की ती डोळे झाकून त्याला सगळ्यात गरीब घोडं द्यायची. जो खरंच बसलाय तो पडलाय, आणि कुठं पडला, का पडला, हे त्याला विचारावं लागत नाही, तोच सांगत सुटतो.

"अण्णा, तुम्ही?"

"घोडा कुणाला पाडतोय? ज्याला बसता येत न्हाय त्याला. मी कशाला पडतोय?"

"खोगीर कोण घालतं?"

"भरमू घालतोय की. पगार कशाचा घेतोय तो?"

तारामती फिस्सकन हसली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं तशी तिनं पदर तोंडाला लावला.

पहिला श्रेयांस हेल्मेट चढवून बसला. आणि खरं सांगायचं तर पोरगा देखणा बसला. टाच मारली, हिरा उधळला, माळावर धूळ उठली, बूट उन्हात चमकले. जिनेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. "बघा, बघा! ह्याला म्हणत्यात स्वारी!" त्रिशलानं हात जोडले. तारामतीसुद्धा चिकोडीकडच्या बायकांच्या त्या पुरुषी बोलीत म्हणाली, "लई ग्वाड बसतंय पोरगं. अण्णा, सोड आता हट्ट. मी तर म्हणतो, पोराला दे."

"श्रेयांस!" प्रियानं हाक मारली. "आता इथं, बाभळीपाशी थांबव."

श्रेयांसनं लगाम खेचला. हिरा मान वर करून तोंड उघडून तसाच पळत राहिला. बाभळ गेली, खुर्च्या गेल्या, विहीर गेली. शेवटी पलीकडच्या उसात अर्धा शिरून घोडा आपण होऊन उभा राहिला आणि पाला खाऊ लागला. श्रेयांस पाल्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावर ओरखडे होते.

"थांबीवला की," तो म्हणाला.

"उसानं थांबीवला," तारामती म्हणाली. तिचं मत बदलायला एवढं पुरेसं होतं.

"बसतोस चांगला," प्रिया त्याला म्हणाली. "भीती न्हाय, तोल हाय. पण तुला निस्तं पळवता येतंय. थांबवता येत न्हाय, वळवता येत न्हाय. वर्षभर माझ्याकडं आलास तर चांगला स्वार होशील. ह्या खेपंच्या मिरवणुकीत न्हाय."

"ह्या खेपंला न्हाय म्हंजे?" जिनेंद्रचा आवाज चढला. पण अण्णा उठून चालूही लागले होते. टोपी नीट करत, धोतराचा सोगा खोचत, दगडावर पाय देऊन ते हिऱ्यावर चढले. चढलेही झोकात. पाठ ताठ, डावा हात मांडीवर, उजवा हात ध्वज धरल्यासारखा. पस्तीस वर्षं गावानं बघितलेलं तेच रूप. त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं, भीतीनं का कौतुकानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अण्णांनी जिभेनं टक केलं. मैना एवढ्यावर चालू लागायची.

हिरा हललाही नाही.

अण्णांनी पुन्हा टक केलं. मग "चल रं राजा" म्हणाले. मग गुडघ्यानं ढोसलं. हिऱ्यानं शेपटी हलवली, आणि काहीतरी आठवल्यासारखा वळून सावकाश गोठ्याकडं चालू लागला. अण्णा ताठ बसून होते, जणू त्यांना गोठ्याकडंच जायचं होतं. दारापाशी घोडा थांबला आणि गव्हाणीत तोंड घातलं. अण्णांनी तिथूनच मोठ्यानं विचारलं, "बघितलं? चालीवला का न्हाय?"

"तू चालीवलास का त्यो तुला घिऊन गेला?" तारामतीला आता हसू आवरेना. "साकु, साकु! उतर खाली, अण्णा!" चिकोडीत राहून पुरे म्हणायला तिला कन्नडच सुचायचं.

प्रिया हसली नाही. तिनं जाऊन लगाम धरला, घोडा परत आणला आणि बापाच्या तोंडाकडं बघत सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही वर्षातनं किती वेळा बसता?"

"जयंतीला."

"मधी आधी?"

"मधी आधी कशाला बसायचं? शेताला घोड्यावरनं जातंय व्हय कोण?"

"म्हंजे वर्षातनं एकदा. बस्तीपास्नं वेशीपर्यंत आन् परत. तासभर. पस्तीस वर्षं म्हंजे पस्तीस तास, अण्णा. माझ्याकडं पस्तीस तास झालेल्या माणसाला मी एकट्याला घोडा देत न्हाय. लांब दोरी लावती आन् दोरी माझ्या हातात ठेवती. तुमची वर्षं मोजत आलेत सगळे. तास कुणी मोजलेच न्हाईत."

भरमूनं खाली मान घालून उगाच जमिनीवरचा खडा उचलला.

"तू पाळण्यात व्हतीस तवा मी ध्वज घिऊन बसत व्हतो," अण्णा म्हणाले. आवाज बारीक झाला होता, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. "गाव पाया पडतंय त्या ध्वजाच्या. आन् तू मला दोरी लावणार?"

"प्रिया, असं न्हवतं सांगितलं मी," त्रिशला कळवळून म्हणाली. "गुडघ्याचं सांग म्हणाले होते."

"म्हंजे तू बी?" अण्णांनी बायकोकडं बघितलं.

"आन् मला जिनूनं फोन करून बोलीवलं, 'आक्का, ये आन् अण्णाला आवर' म्हणून," तारामतीनं सांगून टाकलं. "आता सगळंच निघतंय तर निघू दे. मी बी पोराच्याच बाजूनं बोलायला आलतो. पण उसात शिरलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आता मी पोरीच्या बाजूला."

जिनेंद्र ओशाळला, पण सौदा सोडणाऱ्यातला नव्हता. "बरं, अण्णा न्हाय, श्रेयांस न्हाय. मग र्‍हायलं कोण? हीच. सरळ म्हण की तुला बसायचंय म्हणून. एवढं नाटक कशाला?"

"मी बी न्हाय," प्रिया म्हणाली.

"आं?"

"चारच दिवस झालेत माझी आन् ह्याची ओळख. आत्ती, आतलं मोठं ताट आण आन् पळी. मी सांगितलं की जोरात वाजव. बाकीच्यांनी वरडायचं, मिरवणुकीत वरडत्यात तसं."

तिनं खोगिराच्या पट्ट्यात बोटं घालून बघितली, पट्टा दोन भोकं आवळला, रिकिबी आखूड केल्या, स्वतःचं हेल्मेट घालून बंद लावला आणि बसली. बसताना काही झोक नाही, काही नाही. मग हात वर केला.

तारामतीनं ताट असं बडवलं की बाभळीवरचे कावळे उडाले. "महावीर भगवान की जय!" श्रेयांस ओरडला. आणि हिरा सुटला.

तो मघासारखा उधळला नाही, शर्यतीला सुटला. कान मागं, पोट जमिनीला लागेल असा. गाडीला जुंपलेल्या घोड्याला माणसांचा गलका म्हणजे पळ, एवढंच शिकवलेलं. गावच्या बोळात ढोलताशे, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, बापाच्या खांद्यावरची पोरं, आणि त्यांच्यात हा असा सुटलेला, हे सगळ्यांना एकदमच डोळ्यांपुढं दिसलं असावं, कारण ओरडणं आपोआप थांबलं.

अण्णा दगडावर उभे राहून बघत होते. पोरगी लगाम ओढत नव्हती. पळू देत होती आणि वळवत होती. मोठा गोल, मग जरा लहान, मग आणखी लहान. हात पोटापाशी, हलतायत की नाही तेही कळत नव्हतं. घोड्याचा कान एकदा तिच्याकडं वळला. मग त्याची टाप बदलली. मग तो दुडक्या चालीवर आला, मग साधा चालला, आणि बाभळीपाशी, नेमका मघा सांगितलेल्या जागी, उभा राहिला.

अण्णांना मैना आठवली. बस्तीच्या कोपऱ्यावर मैना वळायची. वेशीत मारुतीच्या कट्ट्यापाशी थांबायची. आरती झाली की परत फिरायची. तिच्या आईमागून पोरवयातच ती हा रस्ता शिकली होती. पस्तीस वर्षांत आपण त्या घोड्यांना एकदा तरी वळवलं होतं का, हे त्यांनी आठवून बघितलं आणि आठवेना. छातीत कळ आल्यासारखं झालं. आणि गंमत म्हणजे त्याच छातीत त्याच वेळी दुसरंही काही भरून येत होतं. एवढं जनावर असं हातात धरणारी ती पोरगी त्यांची होती.

ते खाली उतरून तिच्यापाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "खरं सांग. मी आजवर बसत व्हतो का न्हाय?"

प्रिया उतरली. तिनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "बसत व्हता. चांगलं बसत व्हता. तासभर पाठ न वाकवता बसणं समद्यांना जमत न्हाय. चालवत मैना व्हती."

"आन् हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं न्हाय."

"तुम्हाला कोण सांगणार?" त्रिशला म्हणाली. "फेटा बांधला की तुम्ही घरातल्यांचं ऐकता व्हय?"

अण्णा हसले. आधी थोडं, मग चांगलं खदखदून, खांदे हलेपर्यंत. "व्हय की. जिन्या, लेका, तू बी ऐकत व्हतास न्हवं, तालुक्यात अशी बैठक न्हाय म्हणून? गोठ्यापर्यंत गेली की रं बैठक!" जिनेंद्रलाही हसावं लागलं. मग अण्णांनी टोपी काढली आणि श्रेयांसपुढं हात केला. "ते डोक्याचं दे इकडं. प्रिया, कुठाय तुझी लांब दोरी?"

"अण्णा, आज नको. उद्या बघू."

"उद्या कशाला? पस्तीस तास झालेल्याला दोरी लावती म्हणालीस न्हवं? लाव. का माझ्यासाठी रीत येगळी?"

प्रियानं बघितलं. बाप चेष्टा करत नव्हता. हिरा दमला होता, गप झाला होता, आणि ताट तारामतीच्या हातातून काढून घेतलं की भागत होतं. तिनं ते काढून घेतलं. मग पट्टा स्वतः तपासायला अण्णांना लावला, बोटं कुठं घालायची ते दाखवलं, आणि चुकले तेव्हा परत करायला लावलं.

माळाच्या मधोमध प्रिया उभी राहिली आणि दोरीच्या टोकाला हिरा गोल चालू लागला. वर बाळगोंडा पाटील, डोक्यावर पुतण्याचं हेल्मेट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

जिनेंद्रला राहवेना. "ते सगळं बरं हाय. पण जयंतीच्या समितीला काय सांगायचं? ध्वज घिऊन बसणार कोण?"

"रोज ताट वाजवून ह्याला सवय लावती मी," प्रिया घोड्यावरची नजर न काढता म्हणाली. "आदल्या दिवशी सांगीन. गप चालला तर मी बसती. न्हाय चालला तर ध्वज पायी."

"पायी? पाटलांचा ध्वज? गाव काय म्हणंल?" जिनेंद्रनं भावाकडं बघितलं. "अण्णा, तू तरी बोल की!"

"मला काय इचारतोस?" अण्णा वरून म्हणाले. "तिला इचार. घोड्याचं या घरात हितनं पुढं तीच बोलणार. पायी म्हणाली तर पायी. मी घिऊन चालतो ध्वज, माझं पाय काय..."

"अण्णा, बोलू नका," प्रिया म्हणाली. "बोललं की पाठ वाकती तुमची. ताठ बसा आन् पुढं बघा."

बाळगोंडा पाटलांनी तोंड मिटलं, पाठ ताठ केली आणि पुढं बघितलं.